टर्बोचा रॉड आवळूनही ॲव्हरेज परत परत पडतंय? आधी हवा कुठे गळतेय ते शोधा

कळंबोलीचं स्टील मार्केट घ्या, तळोजा एमआयडीसी घ्या, भिवंडीची गोडाऊनं घ्या नाहीतर वडाळ्याचं ट्रक टर्मिनल, चार गाडीमालक एकत्र आले की बोलणं डिझेलवर येतंच, आणि त्यात एक तक्रार इतक्या वेळा कानावर पडतेय की आता सविस्तर लिहायलाच हवं. गाडीचं ॲव्हरेज पडलं, घाटात पिकअप गेला, काळा धूर मारायला लागली, गॅरेजला नेली तर मेस्त्रीने टर्बोच्या वेस्टगेटचा रॉड दोन फेरे आवळून दिला, गाडी चार दिवस मस्त पळाली आणि महिन्याभरात परत येरे माझ्या मागल्या. मग परत दोन फेरे. असं करत करत शेवटी एकतर टर्बो बसतो नाहीतर हेड गॅस्केट उडतं, आणि मालक म्हणतो गाडीच खराब लागली. गाडी खराब नसते हो, आजार रेड्याला आणि औषध पखालीला असं चाललेलं असतं.

गाड्यांच्या मेंटेनन्सचंच काम करतोय, बहुतेक दहा चाकी, बारा चाकी आणि डब्याचे ट्रेलर, त्यामुळे जे सांगतोय ते हातात पाना धरून बघितलेलं आहे.

आधी रॉड नेमकं काय करतो ते समजून घ्या, नाहीतर पुढचं काही पटणार नाही. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. त्याच्या एक्झॉस्टच्या, म्हणजे धुराच्या, बाजूला एक छोटी झडप असते, तिला वेस्टगेट म्हणतात. बाहेर जो डबीसारखा ॲक्च्युएटर दिसतो त्यात स्प्रिंग आणि रबराचा पडदा असतो, टर्बोची हवा बारीक पाईपने त्या पडद्यावर येते, प्रेशर ठरलेल्या आकड्याला पोचलं की पडदा रॉडला ढकलतो, झडप उघडते आणि जादाचा एक्झॉस्ट टर्बोला न फिरवता थेट सायलेन्सरकडे जातो. रॉड आवळून आखूड केला की स्प्रिंगवर आधीच ताण बसतो आणि झडप उशिरा, जास्त प्रेशरला उघडते. बस, एवढंच त्याचं काम, म्हणजे जास्तीत जास्त बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचं प्रेशर, किती चढू द्यायचा त्याची मर्यादा ठरवणं.

आता खरी गोष्ट बघा. सायन-पनवेल हायवेला किंवा जेएनपीटी रोडला गाडी पन्नास-साठच्या स्पीडने सपाट रस्त्यावर चाललीय, तेव्हा बूस्ट मर्यादेच्या बराच खाली असतो, वेस्टगेटची झडप आधीच पूर्ण बंद असते. बंद असलेली झडप अजून घट्ट बंद करून काय मिळणार? काहीच नाही. रॉड आवळा नाहीतर सैल करा, त्या स्पीडला इंजिनात जाणारी हवा तेवढीच राहते आणि डिझेलही तेवढंच जळतं. झडप उघडते ती फुल लोडला, ॲक्सिलेटर तळाला टेकला असताना, म्हणजे खोपोलीपासून वरचा बोरघाट किंवा कसारा घाट चढताना. म्हणजे ज्या किलोमीटरांवर तुमचं बहुतेक डिझेल जातं तिथे रॉडचा संबंधच येत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की ॲव्हरेजसाठी रॉडला हात लावायची इच्छाच राहत नाही.

आणि डिझेल इंजिनात ताकद हवेने नाही, डिझेलने ठरते. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, पण सिलिंडरात मिसळायला वेळ कमी मिळतो म्हणून फुल लोडलासुद्धा त्याहून बरीच जास्त हवा द्यावी लागते, नाहीतर काजळी होते. हवा कमी पडत असेल तर ती पुरी करून ॲव्हरेज सुधारतं हे शंभर टक्के खरं. पण हवा आधीच पुरेशी असेल तर वर अजून कोंबून फायदा नाही, उलट टर्बो फिरवायला एक्झॉस्ट जास्त अडवला जातो, इंजिनाला तो धूर बाहेर ढकलायला जास्त जोर लावावा लागतो, हवा जास्त तापते आणि टर्बोचा शाफ्ट, जो तसाही लाखभर आरपीएमच्या घरात फिरतो, तो त्याच्या मर्यादेच्या बाहेर जातो.

मग रॉड आवळल्यावर गाडी काही दिवस चांगली का पळते? कारण कुठेतरी हवा गळत असते. झडप उशिरा उघडल्यामुळे घाटात टर्बो जास्त हवा ढकलतो, गळती वजा जाऊनही इंजिनाला आधीपेक्षा थोडी जास्त पोचते, ड्रायव्हरला वाटतं गाडी सुटली. पण त्याच वाढलेल्या प्रेशरने होजची चीर अजून फाटते, क्लॅम्प अजून सरकतो, आणि गळती वाढून परत तिथेच. म्हणूनच हा प्रॉब्लेम दर महिन्या-दोन महिन्याला परत येतो.

गळती शोधायच्या आधी धूर बघा, धूर बरंच सांगतो. काळा धूर आणि पिकअप नाही, तर हवा कमी किंवा डिझेल जास्त, म्हणजे गळती, चोक झालेला फिल्टर, खराब नोझल, नाहीतर पंपाला कोणीतरी डिझेल वाढवून दिलंय. धूर अजिबात नाही आणि पिकअपही नाही, तर डिझेलच कमी जातंय, त्यात डिझेल फिल्टर आणि फीड पंप आधी बघा, आणि जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीला मेनिफोल्डपासून, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाईपपासून, पंपाच्या बूस्ट डायफ्रॅमकडे जाणारा बारीक पाईप बघायला विसरू नका, तो चिरला किंवा डायफ्रॅम फाटला की पंपाला वाटतं टर्बो हवाच देत नाहीये आणि तो डिझेल वाढवतच नाही. हा पाईप काही रुपयांचा आणि याच्यापायी लोकांनी पंप खोलून कॅलिब्रेशन करून घेतलेली बघितलीत. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, टर्बोचा सील किंवा पिस्टनची रिंग.

बूस्ट गेज लावल्याशिवाय पुढे जाऊच नका. मेनिफोल्डकडून येणाऱ्या बारीक लाईनला टी जॉइंट टाकून गेजचा पाईप केबिनमध्ये घ्यायचा, ४ बारपर्यंतचं साधं गेज चालतं. आणि गॅरेजमध्ये न्यूट्रलला रेस देऊन बूस्ट बघण्यात काही अर्थ नाही, लोड नसेल तर डिझेल कमी जळतं, एक्झॉस्टला जोर नसतो आणि काटा जेमतेम हलतो, त्यावरून टर्बो मेला असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. गाडी भरलेली पाहिजे, चढ पाहिजे, योग्य गिअरमध्ये ॲक्सिलेटर पूर्ण दाबलेला पाहिजे, आणि गेज ड्रायव्हरने नाही, बाजूला बसलेल्याने बघायचं. जुन्या सहा सिलिंडर टर्बो-इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) गाड्यांत फुल लोडला साधारण १ ते दीड बार मिळतो, नव्या गाड्यांत जास्त, पण तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. घाटात उंचीमुळे हवा पातळ होते असं कोणी सांगितलं तर लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास आहे, तेवढ्याने हवेचा दाब सहा-सात टक्के कमी होतो, गाडी मरायचं ते कारण नाही.

आता गळती. सगळ्यात आधी नुसत्या डोळ्यांनी टर्बोपासून इंटरकूलर आणि इंटरकूलरपासून मेनिफोल्ड हा पूर्ण रस्ता टॉर्च मारून बघा, खास करून होजची खालची बाजू, कारण वरून होज नवाकोरा दिसतो आणि चीर खाली असते. टर्बोच्या हवेत थोडं ऑइलचं धुकं असतंच, त्यामुळे जिथून हवा सुटते तिथे तेलकट काळा पट्टा उमटतो आणि त्यावर धूळ चिकटते, हा पट्टा चॅसिसवर किंवा फॅनच्या आच्छादनावर दिसला की गळती त्याच्या समोरच शोधायची.

एका टॉरस ट्रकचं सांगतो, कळंबोलीतून स्टीलची कॉइल भरून चाकणला जाणारी जुनी बीएस थ्री, म्हणजे धुराच्या जुन्या सरकारी नियमांची, गाडी. ड्रायव्हर बीडकडचा, वयाने मोठा, गाडीचा कान असलेला माणूस. म्हणाला, “दादा, घाटात चढाला लागली की फुस्स असा आवाज येतोय, सपाटीला नाही येत, मेस्त्री म्हणतोय तुमचा भास आहे.” भास नव्हता. इंटरकूलरच्या गरम बाजूचा होज, म्हणजे टर्बोकडून येणारा, तो आधीच एकदा बदललेला होता आणि परत तिथेच, क्लॅम्पच्या कडेला, बोटाच्या पेराएवढी चीर. उभ्या गाडीत ती चीर मिटलेली, हाताने होज पिळला तरच तोंड उघडायची. आता नवा होज टाकून गाडी सोडता आली असती पण तोही गेलाच असता, कारण होज पहिल्यांदा नव्हता फाटला. इंजिन चालू करून एकाला रेस द्यायला सांगितलं आणि बाजूला उभं राहून इंजिनकडे बघितलं, प्रत्येक रेसला इंजिन एका अंगाला चांगलंच उचलत होतं. इंजिनाला चॅसिसवर धरणाऱ्या माउंटिंगचं रबर दबून गेलेलं. घाटात फुल लोडला इंजिन पिळ घेतं, टर्बो इंजिनाबरोबर हलतो, इंटरकूलर मात्र चॅसिसला धरून जागेवर, आणि मधला होज दोन्हीकडून ओढला जातो. वरून त्या होजच्या आत ऑइल इतकं की रबर फुगून मऊ झालेलं, म्हणून ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी, बघितला तर तो काजळीने जवळपास बंद. माउंटिंग बदललं, ब्रीदर साफ केला, इंटरकूलर खोलून आतलं ऑइल धुवून काढलं, सिलिकॉनचा होज आणि दोन्ही टोकांना टी बोल्टचे क्लॅम्प टाकले, आणि रॉड मूळ मापावर परत आणला. फुस्स गेलं आणि गेजवर बूस्ट मॅन्युअलच्या आकड्याला आला, रॉड न आवळता.

डोळ्यांनी सापडलं नाही तर प्रेशर टेस्ट करा. इंजिन बंद आणि थंड, एअर फिल्टरचा पाईप टर्बोच्या तोंडावरून काढायचा, तिथे मापाचा बूच घट्ट क्लॅम्पने बसवायचा, बुचाला हवेचा व्हॉल्व आणि कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटरमधूनच. अर्धा बारने सुरुवात करा आणि हळूहळू गाडीच्या नेहमीच्या बूस्टएवढं न्या, त्यापुढे नाही, आणि बुचाच्या समोर कोणीही उभं राहायचं नाही, निसटला तर जबडा तोडेल. मग साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर, इंटरकूलरच्या कोपऱ्यांवर, मेनिफोल्डच्या पॅकिंगवर. बुडबुडे आले तिथे गळती. ऑइल भरायच्या झाकणातून थोडी हवा आली तर घाबरू नका, उघड्या व्हॉल्वमधून आणि रिंगमधून थोडी जातेच. इंटरकूलरच्या टाकीच्या कडेची गळती फार फसवी असते, ती प्रेशरशिवाय दिसतच नाही. क्लॅम्पचंही सांगतो, बाजारात मिळणारा पातळ पट्टीचा स्क्रू क्लॅम्प मुंबईच्या दमट खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात एका सीझनमध्ये गंजतो, तिथे चार पैसे वाचवू नका.

हवेची बाजू बरोबर निघाली तर एक्झॉस्टची बाजू. एक्झॉस्ट मेनिफोल्डला तडा किंवा टर्बोच्या फ्लँजचं पॅकिंग गेलं की टर्बोला फिरवणारा जोरच बाहेर सुटतो, बूस्ट कमी. तिथे काजळीचा काळा फराटा दिसतो आणि सकाळी थंड इंजिनाला टिकटिक आवाज येतो, गरम झालं की लोखंड फुगून आवाज बंद होतो, म्हणून गॅरेजला पोचेपर्यंत सगळं ठीक वाटतं. तपासायचं तर सकाळी पहिल्या स्टार्टला.

एअर फिल्टर हा विषय सगळ्यांना माहीत असतो तरी सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथेच. तळोजा-कळंबोलीच्या धुळीत किंवा सिमेंट-रेतीच्या कामावर चालणाऱ्या गाडीला कंपनीच्या किलोमीटरवर भरवसा ठेवून चालत नाही, इंडिकेटरची लाल पट्टी बघत जा. फिल्टर टायरवर आपटायचा नाही, कागद फाटतो आणि धूळ सरळ टर्बोच्या पंख्यावर जाते. इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत धूळ-पाला बसून गादी झालेली असते, ती समोरून दिसत नाही. टर्बोमधून हवा शंभर-सव्वाशे डिग्रीच्या वर तापून निघते, इंटरकूलर चोक असेल तर ती गरमच इंजिनात जाते, गेजवर प्रेशर बरोबर दिसतं पण गरम हवेत ऑक्सिजन कमी, मग धूर. मागून पुढे, कमी प्रेशरच्या पाण्याने धुवा, जेट मारला की जाळी वाकते.

आता ॲक्च्युएटर, कारण काही वेळा दोष खरंच तिथे असतो. रॉडची पिन काढून झडपेचा दांडा हाताने हलवून बघा, मोकळा फिरायला पाहिजे, पावसाळ्यात बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीत तो गंजून अडकतो, उघडा अडकला तर बूस्ट येत नाही, बंद अडकला तर बूस्ट मर्यादेबाहेर जातो. मग ॲक्च्युएटरला रेग्युलेटरने हळूहळू हवा द्या, ठरलेल्या प्रेशरला रॉड सरकायला लागला पाहिजे आणि हवा बंद केल्यावर काटा टिकला पाहिजे, पडत असेल तर पडदा फाटलाय. टायरमध्ये भरायची सात-आठ बारची हवा सरळ त्यात सोडू नका, चांगला पडदाही फाटेल.

रॉड फिरवायची वेळ एकच, ॲक्च्युएटर किंवा टर्बो नवा बसवला किंवा आधी कोणी रॉड फिरवून ठेवलाय आणि गळती, फिल्टर, इंटरकूलर सगळं नीट असूनही गेजवर आकडा मॅन्युअलपेक्षा वेगळा येतोय. तेव्हा आधी पांढऱ्या रंगाची खूण करा, चेकनट (रॉडला मापावर धरून ठेवणारा नट) सैल करा, अर्धा फेरा फिरवा, चेकनट आवळा, भरलेल्या गाडीत चढावर आकडा बघा, मग पुढचा अर्धा. मॅन्युअलचा आकडा आला की थांबा.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत ॲव्हरेज जर सेटिंगमधून मिळणार असेल तर ते हवेतून नाही, डिझेलमधून. पिकअपसाठी पंपाला डिझेल वाढवून ठेवलेल्या गाड्या भरपूर आहेत, घाटात मजा येते आणि वर्षभर काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल हवेत. हवा आधी पूर्ण बरोबर करा, मग चांगल्या पंपवाल्याकडे पंप बेंचवर लावून डिझेल कंपनीच्या आकड्यावर आणा, नोझलचं प्रेशर तपासा, टॅपेट बघा, टायमिंग बघा. क्रम उलटा केला तर पैसे दोनदा जातात. पीयूसीलाही हेच कामाला येतं, बीएस फोरच्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराचा काळेपणा मोजायचं एकक) आणि बीएस फोरला ५० आहे, हवा-डिझेल बरोबर असलेली गाडी त्यात आरामात बसते.

बीएस फोर, म्हणजे एप्रिल २०१७ नंतरच्या, आणि त्यातही एप्रिल २०२० नंतरच्या बीएस सिक्स गाड्यांना हे रॉडचं तंत्र अजिबात लावू नका. तिथे बूस्ट किती आहे ते सेन्सर ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगतो आणि त्यावरून ईसीएम डिझेल ठरवतो. गळती झाली तर धूर यायच्या आधी ईसीएम ताकद कापतो, स्कॅनरला पी ०२९९ सारखा कोड येतो, म्हणजे बूस्ट कमी. कोड उडवून गाडी सोडली तर चार दिवसांत परत येणार, कारण भोक तिथेच आहे. बीएस सिक्समध्ये अजून एक, काळा धूर दिसतच नाही कारण काजळी डीपीएफमध्ये, म्हणजे एक्झॉस्टमधल्या काजळीच्या गाळणीत, अडकते, हवा कमी पडली की काजळी जास्त, डीपीएफ लवकर भरतो, रिजनरेशन, म्हणजे साचलेली काजळी जाळून गाळणी साफ करणं, वारंवार होतं आणि ते होतं डिझेल जाळूनच. त्यामुळे रिजनरेशनचं प्रमाण वाढलं आणि ॲव्हरेज पडलं तर डीपीएफ साफ करून घ्यायच्या आधी प्रेशर टेस्ट करा. जेएनपीटी बंदराच्या लाईनमध्ये तासन्‌तास इंजिन चालू ठेवणं या गाड्यांना दुप्पट महाग पडतं, एक तर नुसतं उभ्याने डिझेल जातं आणि थंड एक्झॉस्टमुळे काजळी साचते. डीपीएफ कापून द्या, सेन्सर फसवून द्या म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका, परमिटच्या गाडीला ते कायद्याने महागात पडतं आणि धूर आपल्याच मुलाबाळांच्या नाकात जातो.

फरक पडला की नाही हे ड्रायव्हरच्या बोलण्यावर ठरवू नका, एकाच पंपावर फुल टँक ते फुल टँक, तोच रूट, तेवढंच लोडिंग, भरलेली आणि रिकामी फेरी वेगळी लिहा. साडेतीनचं ॲव्हरेज चारवर आलं तर हजार किलोमीटरला साधारण ३६ लिटर वाचतं, लिटरला ९० रुपये धरले तरी तीन हजारांच्या वर, म्हणजे चांगला होज, क्लॅम्प आणि गेज यांचे पैसे लवकरच वसूल. हवा पूर्ण बरोबर असूनही ॲव्हरेज येत नसेल तर टर्बोचा पिच्छा सोडा आणि टायरची हवा, अलाइनमेंट, ड्रम गरम होतोय का, क्लच घसरतोय का हे बघा, ब्रेक घासत चाललेली गाडी जगातला कुठलाही टर्बो लावला तरी डिझेल खाणारच.

होज बदलल्यावर पहिल्या भरलेल्या घाटफेरीनंतर इंजिन थंड झालं की सगळे क्लॅम्प परत एकदा तपासून घ्या, नवं रबर दबून बसतं आणि क्लॅम्प किंचित सैल होतो. हे ज्या गाडीचं राहून जातं तीच महिन्याभरात परत गॅरेजला येते.